उताऱ्यामागील स्थायी आदेश आणि संगणकाने काढलेली त्रुटी

(भाषणाचा मजकूर)



काकती हे गाव कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव म्हणून सर्वांना परिचित आहे. १८२४ साली कित्तूर येथे जो संग्राम झाला, त्याच्या मुळाशी वारसाचा प्रश्न होता. कित्तूरच्या गादीवरील दत्तक मान्य करण्यास ईस्ट इंडिया कंपनीने नकार दिला आणि त्यातून पुढील इतिहास घडला. दप्तरी कोणाचे नाव लागावे ही बाब वरवर कारकुनी वाटली, तरी तिच्यावर माणसांचे सारे जीवित अवलंबून असते, हे या गावाला वेगळे सांगावयास नको. आजचा विषय तलवारीचा नाही, दप्तराचाच आहे. मात्र हे दप्तर आता लाल रुमालात बांधून फळीवर ठेवलेले नसून संगणकात साठविलेले आहे.

कर्नाटक राज्यात जमिनीच्या उताऱ्यांचे संगणकीकरण ‘भूमी’ या योजनेखाली करण्यात आले. सन २००० च्या आगेमागे, अवघ्या काही वर्षांत, १७७ तालुक्यांतील सुमारे दोन कोटी उतारे संगणकात भरले गेले आणि सुमारे ६७ लाख खातेदारांची नोंद त्यांत आली. तत्पूर्वी हे दप्तर सुमारे नऊ हजार तलाठ्यांच्या हाती होते. तालुका कचेरीच्या खिडकीवर आरंभीच्या काळात पंधरा रुपये शुल्क भरले की छापील उतारा हाती पडू लागला. सीमेपलीकडे महाराष्ट्रातील सातबाराही याच मार्गाने गेला आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. निपाणी आणि कागल यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात तर थोडी जमीन या राज्यात आणि थोडी त्या राज्यात अशी कुटुंबे आढळतात. त्यांच्या घरी दोन्ही तऱ्हेचे कागद असतात. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

खिडकीशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कधी कधी एवढेच ऐकावयास मिळते, की “आज सिस्टीम चालत नाही.” पेरणीच्या तोंडावर सोसायटीचे कर्ज अडलेले असते, वाटणीचा कागद व्हावयाचा असतो, आणि दोन शब्दांत त्याची बोळवण होते. ‘चालत नाही’ या शब्दांत अनेक निरनिराळी कारणे दडलेली असतात. वीज नसणे, तार तुटणे, सर्व्हर बंद पडणे ही कारणे सर्वांना समजतात. परंतु एक कारण असे आहे, की ज्यात यंत्र उत्तम स्थितीत असते, वीज असते, तारही जोडलेली असते, आणि तरीही उतारा निघत नाही. संगणकाच्या दप्तरात लिहून ठेवलेला एखादा स्थायी आदेश संगणकाने ‘सदोष’ ठरवून बाजूला ठेवलेला असतो. हा दोष कसा ओळखावा आणि कसा दूर करावा, याचा विचार आज करावयाचा आहे. ते काम प्रत्यक्षात तज्ज्ञ मंडळी करतात, हे खरे. तथापि ज्याचा कागद अडतो तो शेतकरी, ज्याच्या टेबलावर तक्रार येते तो अधिकारी, आणि ज्यांचे विद्यार्थी उद्या हेच काम करणार आहेत ते शिक्षक, या तिघांनाही त्याची जाण असणे अगत्याचे आहे.

स्थायी आदेश म्हणजे काय?

संगणकातील माहितीचे दप्तर, म्हणजे डेटाबेस, हे तक्त्यांचे बनलेले असते. एका तक्त्यात सर्व्हे नंबर व हिस्से, दुसऱ्यात खातेदारांची नावे, तिसऱ्यात फेरफार. अशी मांडणी करावी हा विचार १९७० साली एडगर कॉड या शास्त्रज्ञाने मांडला. आयबीएम कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी १९७४ मध्ये त्यासाठी जी प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली, तीच पुढे एसक्यूएल या नावाने जगभर पसरली. 

आता कचेरीचा व्यवहार पाहू. रोज येणाऱ्या प्रत्येक अर्जासाठी वरिष्ठांनी नवा आदेश लिहावयाचा ठरविले, तर काम कधीच उरकणार नाही. म्हणून नेहमीच्या कामांसाठी एकदाच स्थायी आदेश काढून ठेवतात आणि कारकून फक्त त्याचा क्रमांक सांगतो. डेटाबेसमध्येही असेच असते. ‘सर्व्हे नंबर दिला की त्याखालील सर्व हिस्से शोध, क्षेत्राची बेरीज कर, खातेदारांची नावे जोड आणि उतारा दे’ ही सूचनांची मालिका एकदाच लिहून दप्तरातच साठवून ठेवली जाते. तिला स्टोअर्ड प्रोसीजर म्हणतात. आपण ‘संग्रहित कार्यविधी’ म्हणू. १९८७ च्या सायबेस या प्रणालीत ही सोय होती; ओरॅकलच्या सातव्या आवृत्तीत ती १९९२ मध्ये आली; मायएसक्यूएल या प्रणालीत ती २००५ साली आली. 

कार्यविधी साठविण्यापूर्वी संगणक तिची छाननी करतो. शब्द ठीक आहेत काय, वाक्ये पूर्ण आहेत काय, ज्या तक्त्यांचा उल्लेख आला आहे ते अस्तित्वात आहेत काय, आणि ज्याने ती लिहिली त्याला ते तक्ते पाहण्याचा अधिकार आहे काय, हे तपासून तो मजकूर यंत्राच्या उपयोगाच्या रूपात आणतो. या क्रियेला कंपायलेशन म्हणतात. ग्रेस हॉपर या अमेरिकन विदुषीने १९५२ साली अशा प्रकारचा पहिला कार्यक्रम तयार केला, तेव्हा संगणक असे काही करू शकेल यावर अनेकांचा विश्वासही बसेना. या छाननीत जे आक्षेप निघतात, त्यांना कंपायलेशनच्या चुका म्हणतात. आवक-जावक लिपिक अर्जावर ‘त्रुटी’ असा शेरा मारतो, तसेच हे आहे. असा शेरा म्हणजे संकट नव्हे. त्यामुळे सदोष आदेश अंमलात येण्याआधीच थांबतो.

पहिला आक्षेप पहिला वाचावा

चुकांची यादी पडद्यावर आली की बहुतेकांची नजर शेवटच्या ओळीवर जाते, कारण ती डोळ्यांसमोर असते. येथेच पहिली गफलत होते. एका स्वल्पविरामाच्या अभावी पुढील वीस ओळींचा अर्थ लागेनासा होतो आणि संगणक वीस आक्षेप नोंदवितो. वस्तुतः चूक एकच असते. म्हणून यादीतील सर्वांत वरचा आक्षेप घ्यावा, तेवढा दुरुस्त करावा आणि पुन्हा छाननीस द्यावे. पुष्कळदा उरलेले आक्षेप आपोआप गळून पडतात. एकाच वेळी पाच जागी बदल करणाऱ्याला नंतर आपण नेमके काय सुधारले हे सांगता येत नाही. शिवाय त्या पाचांपैकी दोन बदल अनेकदा नव्या चुका असतात.

दुसरी गोष्ट ओळीच्या क्रमांकाची. आक्षेपासोबत ओळ क्रमांक दिलेला असतो, परंतु तो जेथे चूक लक्षात आली त्या जागेचा असतो. तेराव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहून गेला असेल, तर संगणक चौदाव्या ओळीकडे बोट दाखवितो. कारण चौदावी ओळ सुरू होईपर्यंत तेरावे वाक्य संपले नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. ओरॅकल प्रणालीत असा आक्षेप ‘पीएलएस-००१०३’ या क्रमांकाने येतो. त्याचे इंग्रजी शब्द ‘एन्काउंटर्ड द सिम्बॉल’ असे सुरू होतात. अमुक चिन्ह आढळले, येथे मात्र पुढीलपैकी एखादे अपेक्षित होते, असा त्याचा भावार्थ. इंग्रजीच्या शिक्षकांनी एका तासात ‘एन्काउंटर्ड’, ‘एक्स्पेक्टिंग’, ‘आयडेंटिफायर’, ‘डिक्लेअर्ड’ आणि ‘इन्व्हॅलिड’ या पाच शब्दांचा अर्थ समजावून दिला, तर निम्म्याहून अधिक आक्षेप मुलांना स्वतः वाचता येतील.

ओळी कोठून मोजावयाच्या, हाही एक प्रश्नच आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये मोजणी संपूर्ण कागदाच्या आरंभापासून होत नाही, तर ‘गो’ या शब्दाने वेगळ्या केलेल्या तुकड्याच्या आरंभापासून होते. त्यामुळे कागदावरील दोनशेव्या ओळीतील चूक बाराव्या ओळीत असल्याचे सांगितले जाते आणि नवखा मनुष्य भलतीच ओळ तपासत बसतो.

मायएसक्यूएलमध्ये नवख्यांना आणखी एक अनुभव हटकून येतो. कार्यविधीच्या आत प्रत्येक वाक्यानंतर अर्धविराम असतो, आणि सूचना पाठविणारा कार्यक्रम पहिला अर्धविराम दिसताच ‘सूचना संपली’ असे मानून अर्धीच कार्यविधी पुढे ढकलतो. मग ‘१०६४’ क्रमांकाचा आक्षेप येतो. मजकुरात दोष शोधून माणूस थकतो, आणि मजकुरात दोष नसतोच. ‘डिलिमिटर’ ही सूचना वापरून शेवटचे चिन्ह तात्पुरते बदलावे, की काम भागते.

आहे, पण दिसत नाही

आता अशा एका आक्षेपाकडे वळू, की जो अनुभवी माणसालाही चक्रावून सोडतो. कार्यविधीत ‘खातेदार’ नावाच्या तक्त्याचा उल्लेख आहे. ओरॅकल सांगतो, ‘ओआरए-००९४२’, असा तक्ता अस्तित्वातच नाही. माणूस तोच तक्ता थेट प्रश्न विचारून पाहतो, तर तो व्यवस्थित दिसतो. मग संगणक खोटे बोलतो काय?

नाही. अधिकार दोन प्रकारे मिळतात. एक अधिकार नावाने मिळतो. दुसरा, एखाद्या गटाचा सभासद म्हणून, म्हणजे ‘रोल’मधून मिळतो. समोर बसून प्रश्न विचारताना दोन्ही चालतात. परंतु कार्यविधी ही माणूस कचेरीत नसतानाही चालावयाची असते. म्हणून ओरॅकलमधील नेहमीच्या कार्यविधीची छाननी करताना गटाद्वारे मिळालेले अधिकार जमेस धरले जात नाहीत. कार्यविधीच्या मालकाला नावाने दिलेला अधिकारच मोजला जातो. प्रभारी पदावरून तोंडी काम चालविणाऱ्याला कायम आदेशावर स्वाक्षरी करता येत नाही, हे अधिकारीवर्गाला चांगले ठाऊक आहे. त्या तक्त्याचा अधिकार मालकाच्या नावे स्वतंत्रपणे द्यावा, हाच त्यावर उपाय. अर्थात त्याआधी स्पेलिंग तपासावे आणि तक्ता दुसऱ्याच मालकाच्या दप्तरात तर नाही ना, हेही पाहावे. कारण दहापैकी कित्येक वेळा कारण तेवढेच असते.

ओरॅकलची आणखी एक रीत सर्वांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. सदोष कार्यविधी तो परत करीत नाही. ‘कंपायलेशनच्या चुकांसह तयार झाली’ असा इशारा देऊन ती साठवून घेतो आणि तिच्यावर ‘इन्व्हॅलिड’, म्हणजे अग्राह्य, असा शिक्का मारतो. ‘तयार झाली’ एवढेच शब्द वाचून पुष्कळजण समाधानाने उठतात. परंतु नव्या मजकुराने जुन्या, चालत असलेल्या कार्यविधीची जागा घेतलेली असते. जुनी गेली, नवी चालत नाही. सकाळी खिडकी उघडते तेव्हा रांग उभी असते आणि उतारा निघत नाही. अशा वेळी ‘शो एरर्स’ ही सूचना द्यावी, किंवा ‘यूझर एरर्स’ हा तक्ता पाहावा. तेथे ओळ, स्थान आणि आक्षेप हे तिन्ही नोंदलेले असतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र व्याकरणाची चूक असेल तर बदल मुळीच स्वीकारला जात नाही आणि जुनी कार्यविधी जागच्या जागी राहते. दोन्ही रीतींना आपापली कारणे आहेत. तथापि ज्या कचेरीत रोज रांग लागते तेथे कोणतीही नवी कार्यविधी प्रथम चाचणीच्या वेगळ्या दप्तरातच तपासली गेली पाहिजे.

कधी कधी कार्यविधीला कोणीही हात लावलेला नसतो आणि तरीही ती अग्राह्य होते. समजा, ‘हिस्सा’ या रकान्याचे नाव बदलून ‘पोटहिस्सा’ करण्यात आले. ज्याने तक्ता बदलला त्याचे काम पूर्ण झाले. परंतु त्या रकान्यावर विसंबून असलेल्या सगळ्या कार्यविधी ओरॅकल अग्राह्य ठरवितो, आणि पुढच्या वेळी त्यांपैकी एखादी बोलाविली गेली की ती पुन्हा छाननीस लावून पाहतो. रकाना जुन्या नावाने सापडत नाही, म्हणून छाननी फसते आणि बोलाविणाऱ्या कार्यक्रमाला ‘पीएलएस-००९०५’, ही वस्तू अग्राह्य आहे, असे उत्तर मिळते. हा आक्षेप स्वतः रोग सांगत नाही. आतील कार्यविधी आजारी आहे एवढेच तो सांगतो. तेव्हा बोलाविणाऱ्याची दुरुस्ती करीत न बसता साखळीच्या मुळाशी जावे. एका ठिकाणचा शब्द बदलण्यापूर्वी कोण कोण त्यावर अवलंबून आहे याची यादी काढणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि ओरॅकलमध्ये त्याची सोयही आहे.

कन्नड, देवनागरी आणि वाकडी अवतरणचिन्हे

या भागात एकाच दिवसात माणूस तीन लिप्यांशी संबंध ठेवतो. उतारा कन्नडमध्ये, घरातील जुने कागद मराठीत वा मोडीत, आणि संगणकाचे आक्षेप इंग्रजीत. त्यामुळे काही चुका येथे विशेष आढळाव्यात, हे स्वाभाविक होय.

पत्रलेखनाच्या कार्यक्रमात टंकलिखित करून ठेवलेली कार्यविधी तेथून उचलून डेटाबेसमध्ये चिकटविली, तर सरळ अवतरणचिन्हांऐवजी वाकडी, शोभिवंत चिन्हे येतात. माणसाच्या डोळ्यांना फरक जाणवत नाही. संगणकाला मात्र ते चिन्ह अपरिचित असते आणि तो ‘अग्राह्य अक्षर’ असा आक्षेप घेतो. मजकूर वाचून ही चूक सापडत नाही, म्हणून ती साध्या संपादकात पुन्हा हाताने टंकित करणे हाच जवळचा मार्ग. क्षेत्राचे आकडे देवनागरीत लिहिले तर कार्यविधीच्या सूचनांमध्ये ते संख्या म्हणून चालत नाहीत; तेथे इंग्रजी पद्धतीचेच अंक लागतात. छापून येणाऱ्या उताऱ्यावर कोणते अंक असावेत हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याची सोय छपाईच्या वेळी करता येते.

याहून नाजूक प्रकरण नावांचे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कार्यविधीत लिहिलेल्या कन्नड वा मराठी नावापूर्वी ‘एन’ हे अक्षर लावावे लागते. ते राहिले तर सर्वसाधारण मांडणीत छाननी निर्विघ्न पार पडते, एकही आक्षेप निघत नाही, आणि उताऱ्यावर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. तसेच, प्रचलित यूटीएफ-८ संकेतात देवनागरी किंवा कन्नडच्या प्रत्येक चिन्हास तीन बाईट लागतात. ‘पाटील’ हे नाव तीन अक्षरी दिसले, तरी त्यात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे आहेत, म्हणजे पंधरा बाईट. इंग्रजीत त्याच नावास पाच बाईट पुरतात. इंग्रजीच्या हिशेबाने तीस बाईटचा रकाना आखणाऱ्याने दहा चिन्हांची मर्यादा घातली, हे त्याच्या ध्यानात येत नाही. नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव त्यात कसे मावावे?

छाननीला न दिसणारी चूक

येथून विषयाच्या खऱ्या गाभ्याकडे येऊ. छाननीतून निघालेला आक्षेप कितीही त्रासदायक वाटला, तरी तो दिसतो, त्याला क्रमांक असतो, ओळ असते. ज्या चुकीबद्दल संगणक अवाक्षरही काढत नाही, ती अधिक घातक होय.

काही प्रणालींची छाननी मुळातच मर्यादित आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये, अस्तित्वात नसलेल्या तक्त्याचे नाव कार्यविधीत लिहिले तरी ती साठविली जाते. तो तक्ता पुढे तयार होईल असे गृहीत धरले जाते. चूक उघडकीस येते ती प्रत्यक्ष चालविताना. पोस्टग्रेसमध्ये, तेथील नेहमीच्या कार्यविधी-भाषेत, आतील प्रश्नांचे व्याकरण तेवढे आधी पाहिले जाते. तक्ते आणि रकाने यांचा शोध त्या ओळीपर्यंत पोहोचल्यावरच घेतला जातो. त्यासाठी ‘पीएलपीजीएसक्यूएल चेक’ नावाचे जोडसाधन मिळते आणि ते वापरणे हिताचे आहे. वर्षातून एकदाच लागणारी शाखा, उदाहरणार्थ दत्तकाचा फेरफार, वर्षभर सदोष राहू शकते आणि कोणाला पत्ता लागत नाही.

काही चुका माणूस आपल्या हातांनी झाकून ठेवतो. कार्यविधी चालताना जी अडचण येईल तिचे काय करावे, हे लिहून ठेवण्याची सोय असते. त्या जागी ‘काहीही झाले तरी काहीच करू नये’ असे लिहिण्याची एक वाईट प्रथा ओरॅकल वापरणाऱ्यांत दीर्घकाळ आढळते. पडदा स्वच्छ दिसतो, आक्षेप बंद होतात, आणि फेरफार मात्र नोंदला जात नाही. तक्रारपेटीला कुलूप लावून तक्रारी थांबल्या असे सांगण्यासारखेच हे आहे. ओरॅकलच्या अकराव्या आवृत्तीपासून अशा जागी इशारा देण्याची सोय झाली. परंतु इशारे मागितल्याखेरीज मिळत नाहीत, ते सुरू करावे लागतात. ते सुरू करण्याचा आग्रह कचेरीने धरला पाहिजे.

आणि आता गुंठ्यांचा हिशेब. कर्नाटकातील उताऱ्यावर क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे यांत असते. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, सोळा आण्यांचा एक गुंठा. महाराष्ट्रातील सातबाऱ्यावर ते हेक्टर आणि आर यांत असते. शंभर आरांचा एक हेक्टर. एक गुंठा हा एका आराहून किंचित मोठा, म्हणजे सुमारे १.०१२ आर आहे; त्यामुळे बोलीत दोन्हींना सर्रास ‘गुंठा’ म्हणतात. पंचाईत होते ती याच सारखेपणाने.

समजा, कागल भागातील दोन हिस्से १.२५ आणि २.३० असे आहेत. बेरीज ३.५५, म्हणजे ३ हेक्टर ५५ आर. अगदी बरोबर. तीच कार्यविधी उचलून निपाणी किंवा काकती येथील उताऱ्याला लावली, तर १ एकर २५ गुंठे आणि २ एकर ३० गुंठे यांची बेरीजही ती ३.५५ अशीच सांगेल. व्याकरण निर्दोष, तक्ते जागेवर, अधिकार पूर्ण; छाननीत एकही आक्षेप नाही. वास्तविक ६५ गुंठे आणि ११० गुंठे मिळून १७५ गुंठे, म्हणजे ४ एकर १५ गुंठे होतात. पुढच्या कार्यक्रमाने ३.५५ हा दशांश एकर समजून गुंठे काढले, तर १४२ गुंठेच हाती येतात. तेहतीस गुंठे नाहीसे झाले. पाऊण एकराहून तीन गुंठे अधिक जमीन, आणि ती कोणी बळकावली नाही, कोणी बांध कोरला नाही.

संगणकाला गुंठा म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्याला संख्या ठाऊक असते. चाळीस गुंठ्यांचा एकर ही गोष्ट कार्यविधी लिहिणाऱ्याला कोणी तरी सांगावी लागते, आणि ती सांगणारा बहुधा संगणकतज्ज्ञ नसून तलाठी, भूमापक किंवा शेतकरी असतो. बंगळूर किंवा पुणे येथे बसून लिहिणाऱ्या तरुणाने कदाचित आणे कधी पाहिलेही नसतील. क्षेत्र एकाच दशांश रकान्यात न ठेवता एकर, गुंठे आणि आणे असे तीन पूर्णांक रकाने ठेवावेत, किंवा सर्व क्षेत्र आण्यांत साठवून छापतानाच त्याची फोड करावी, असे नियम करता येतात. तसे केले म्हणजे एकराच्या रकान्यात अपूर्णांक भरण्याची वाटच बंद होते आणि जी चूक एरवी मुकी राहिली असती, तिला वाचा फुटते.

अडचण आली असता काय करावे, याविषयी थोडे सांगितले पाहिजे. खिडकीवरील कर्मचाऱ्याने ‘चालत नाही’ असे न कळविता आक्षेपाचा क्रमांक, त्याचे नेमके इंग्रजी शब्द, वेळ, आणि त्या क्षणी कोणता सर्व्हे नंबर घातला होता हे लिहून पाठवावे. ‘००९४२’ एवढा आकडा कळला तरी दूरवरच्या तज्ज्ञाचा अर्धा दिवस वाचतो. पडद्याचे छायाचित्र मोबाईलवर घेऊन पाठविणे सोपे आहे, मात्र त्यात खातेदारांची नावे दिसत असतील तर ते सरसकट गटांवर टाकू नये. ग्रामस्थांनीही उतारा हाती येताच केवळ शिक्का पाहून घडी घालू नये. हिस्स्यांची बेरीज करून ती मूळ क्षेत्राशी ताडून पाहावी. जुना हस्तलिखित उतारा घरी असेल तर तो जपून ठेवावा. कायद्याच्या दृष्टीने त्याची जागा संगणकीय उताऱ्याने घेतली असली, तरी ताडून पाहण्यास त्याच्यासारखे साधन नाही.

नवी कार्यविधी मूळ दप्तरावर चढविण्यापूर्वी तिची चाचणी घेतात, त्या चाचणीसाठी उदाहरणे कोणती घ्यावीत याचाही विचार व्हावा. सोपी उदाहरणे घेतली तर सर्व काही बरोबरच दिसते. १० गुंठे आणि १५ गुंठे यांची बेरीज कोणतीही कार्यविधी बरोबर करील. जेथे हातचा येतो अशीच उदाहरणे निवडावीत, आणि ती शाळेतील मुलांकडून पाटीवर सोडवून घेतली तर शिक्षकांचेही काम होईल. ३९ गुंठे १५ आणे या हिश्शात १ आणा मिळवावा. मुलांचे उत्तर १ एकर ० गुंठे ० आणे असे येईल. कार्यविधीचे उत्तरही तसेच आले, तर पुढील उदाहरण घ्यावे. न आल्यास ती लिहिणाऱ्याकडे परत पाठवावी, आणि सोबत मुलांची पाटीवरील रीतही पाठवावी.